म्हातारपणाचा दमा आणि त्याची पारख

साठीच्या माणसाला धाप लागली की “आता वयच झाले” असे म्हणून आपण मोकळे होतो. पण वय हा काही रोग नव्हे. दमा उतारवयातही प्रथमच उद्‌भवू शकतो, आणि तो ओळखला तर आवरता येतो. म्हणून तो ओळखण्याची कला माणसाने कशी मिळविली, हे पाहण्यासारखे आहे.

चरकसंहितेत श्वासाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतला तमकश्वास तो आपला दमा : आडवे पडले की घुसमट, उठून बसले की जरा बरे, आभाळ भरले व गारठा पडला की जोर. निरीक्षण मोठे अचूक! अडचण एवढीच की, हृदय थकलेला म्हाताराही असाच उठून बसतो. तेव्हा नुसत्या लक्षणांवर निकाल देता येईना.

१८४६ साली लंडनच्या जॉन हचिन्सनने श्वास मोजण्याचे यंत्र पुढे आणले व दोन हजारांवर माणसे तपासली. पुढे १९४७ साली फ्रान्समध्ये तिफ्नो आणि पिनेली यांनी पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते मोजले. आजची परीक्षा याच पायावर उभी आहे. एकदा फुंकायचे, श्वासनळ्या मोकळ्या करणारे औषध ओढायचे, पाव तासाने पुन्हा फुंकायचे. आकडा चांगलाच वाढला तर दम्याचा संशय बळावतो. विडीने झिजलेली छाती सहसा तेवढी मोकळी होत नाही.

आता आमच्या कामगारांचा प्रश्न. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. खाप्याचा विणकर हातमागावर बसे. गिरणीत मात्र कापूस पिंजणाऱ्या खात्याची धूळ फुप्फुसात जाते. इंग्लंडमध्ये शिलिंग या डॉक्टरांनी १९५० नंतरच्या दशकात दाखविले की, अशा कामगारांची छाती सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी आवळते. या रोगाचे नाव बिसिनोसिस. म्हाताऱ्या गिरणी कामगाराला “दमा आहे” म्हणून परत पाठविले, की नुकसानभरपाईचा हक्कही त्याच्याबरोबर परत जातो. त्याला डॉक्टरने आधी विचारावे : काम कोणते केले, किती वर्षे, आणि धाप कोणत्या दिवशी अधिक?

आणखी एक. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, इतकेच काय, काचबिंदूच्या काही थेंबांनीसुद्धा दमा उसळतो. दवाखान्यात जाताना डोळ्यांच्या औषधाची बाटलीही पिशवीत टाकावी.