फलश्रुतीपासून वायफळापर्यंत : मराठीतील हलक्याफुलक्या वाचनाचा इतिहास (थ्रेड)

१/
गेल्या पावसाळ्यात आईची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी तिला सक्तीची विश्रांती सांगितली. ती म्हणाली, "वाचायला काहीतरी आण. पण हलकंफुलकं हं, ज्ञान नको." इतिहासाच्या विद्यार्थिनीने जे करू नये, नेमके तेच मी केले. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' तिच्या हाती दिली.

२/
तिसऱ्या दिवशी पुस्तक उशाशी पालथे पडले होते. "फार चांगलं आहे गं, पण रडायला मला पुस्तक लागत नाही," आई म्हणाली. मग जराशी ओशाळून, "आमचं काय, आपलं टाइमपास चालतं." त्या ओशाळण्यापाशी मी अडले. आजारपणात, स्वतःच्या वेळात हसवणारे पुस्तक मागताना माणसाला संकोच का वाटावा? हा थ्रेड त्या संकोचाच्या इतिहासाविषयी आहे.

३/
आधी एक गैरसमज दूर करू. मराठी माणूस छापखाना आल्यावर हसायला शिकला, असे मुळीच नाही. नाथांची भारुडे होती, तमाशातला सोंगाड्या होता, कीर्तनकारही मधूनच हशा पिकवीत असे. पण हे सारे चारचौघांत बसून ऐकण्याचे हसू होते. वाचन ही निराळी गोष्ट होती. वाचायची ती पोथी. तिला पाट, चातुर्मास, पारायण असे नियम. आणि शेवटी फलश्रुती, म्हणजे हे वाचल्याने काय मिळेल याचे आश्वासन.

४/
हा शब्द लक्षात ठेवा : फलश्रुती. छापील पुस्तक आले, पण वाचनाला फळ असलेच पाहिजे ही अपेक्षा पोथीतून पुस्तकात जशीच्या तशी उतरली. पुण्य गेले, त्या जागी उपदेश आला. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून ओळखले जाणारे बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' (१८५७) हे विधवांच्या दुःस्थितीवरचे पुस्तक आहे. त्याला निश्चित हेतू आहे आणि तो लपवलेला नाही.

५/
मग निव्वळ मनोरंजन करणारी कादंबरी नव्हतीच का? होती. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) वाचकांना रिझवण्यासाठीच लिहिलेल्या होत्या. पण तिथे राजपुत्र, राजकन्या, विरह, संकटे आणि अद्भुत योगायोग. वाचकाच्या घरातले, गल्लीतले, ओसरीवरचे तिथे काहीही नाही.

६/
का नाही, याचे उत्तर रिसबुडांनी प्रस्तावनेतच दिले आहे. त्यांच्या मते आपली विवाहपद्धती आणि इतर काही कारणे यांमुळे हिंदूंच्या आयुष्यात रंजक असे दुर्गुणही आढळत नाहीत आणि सद्गुणही. रोजच्या अनुभवाचे लिहावे तर त्यात मन गुंतवणारे काही सापडत नाही. म्हणून करमणुकीचे पुस्तक लिहायचे तर अद्भुताची वाट धरणे भाग पडते.

७/
हे विधान मला आपल्या वाङ्मयेतिहासातले सर्वांत उदास विधान वाटते. लग्ने लहानपणी, वडीलधाऱ्यांनी ठरवलेली. तेव्हा प्रेमकथा घडणार कुठे? लेखकाची अडचण खरी होती. पण त्यातून निघालेला निष्कर्ष असा की आपले आयुष्य वाचण्याजोगे नाही. १८७२ साली काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल आणि नाटक या विषयांवर निबंध लिहून अशा असंभाव्य कथांचा समाचार घेतला. तरी मूळ प्रश्न उरलाच : घरातल्या गोष्टीने वाचकाचे मन रमेल का?

८/
आता १८९० सालाकडे या. त्या वर्षी दोन घटना घडल्या. 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीला यश येऊन मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली. त्या निर्णयाची तारीख १० जून. आणि पुण्यात हरी नारायण आपटे यांनी एक साप्ताहिक सुरू केले. त्याचे नावच 'करमणूक'.

९/
या दोन घटनांचा थेट संबंध जोडणे चुकीचे ठरेल. गिरणीतला कामगार आणि 'करमणूक'चा वर्गणीदार ही बहुधा निरनिराळी माणसे होती. तरीही हा योगायोग मला बोलका वाटतो. मोकळा वेळ कोणाला आपोआप मिळालेला नाही. काहींना तर तो भांडून मिळवावा लागला. आणि तो मिळाला की लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो : या वेळाचे करायचे काय, आणि ते ठरवायचे कोणी?

१०/
'करमणूक'चे उत्तर गमतीचे आहे. नावाने करमणूक, पण त्यातून क्रमशः आलेली आणि आजही सर्वांत जास्त आठवली जाणारी कादंबरी म्हणजे 'पण लक्षात कोण घेतो?', म्हणजेच यमूच्या वैधव्याची, केशवपनाची कहाणी. १८५७ ची नायिका यमुना, १८९० ची यमू. हरिभाऊंनी रिसबुडांना निम्मे उत्तर दिले : आपल्या घरात कादंबरी घडते. फक्त ती रडवणारी होती. आईचे निरीक्षण वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीनेही अचूक होते म्हणायचे!

११/
१८९५ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन' मासिक काढले. १९०९ साली त्याचाच दिवाळी अंक निघाला आणि सणाच्या फराळाबरोबर वाचनाचा फराळ ही प्रथा मराठी घरांत रुजत गेली. दरम्यान १८९३ मध्ये ठाण्यात आणि १८९८ मध्ये मुंबईत मराठी ग्रंथसंग्रहालये उभी राहिली. पुस्तक विकत न घेता, कपाटापुढे उभे राहून, मनाला येईल ते निवडण्याची सोय झाली.

१२/
या वातावरणात विनोद दबकत आत आला. १९०२ मध्ये श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा 'साक्षीदार' हा लेख 'विविधज्ञानविस्तारा'त आला. पुढे 'सुदाम्याचे पोहे' या नावाने त्यांचे विनोदी लेख ग्रंथरूप झाले. सुदामा, बंडूनाना, पांडूतात्या हे त्यातले त्रिकूट. पण त्यांचा रोख रूढी, ढोंग आणि अंधश्रद्धा यांच्यावर आहे. म्हणजे हसूही सहेतुक. फलश्रुती अजून सुटली नव्हती. फक्त ती साखरेच्या पाकात घोळली होती.

१३/
कोल्हटकरांचे शिष्य राम गणेश गडकरी 'बाळकराम' या नावाने विनोदी लेखन करीत. त्यांच्या विनोदी लेखनातले एक नाव पाहा : 'रिकामपणची कामगिरी'. नाटककार म्हणून शोकांतिका लिहिणारा हा माणूस हसायला बसला की नाव बदलतो, आणि लेखनाला 'रिकामपणचे' ठरवून मोकळा होतो. हा धागा पुढे फार लांब जातो.

१४/
मग आले चिंतामण विनायक जोशी (१८९२–१९६३). पेशाने पाली भाषेचे अभ्यासक, बडोद्यात अध्यापक. १९३३ साली त्यांचे 'चिमणरावांचे चऱ्हाट' प्रसिद्ध झाले. पुण्यातला किरकोळ अंगाचा, भिडस्त कारकून चिमणराव. त्याच्या शेजारी दणकट गुंड्याभाऊ. घरात काऊ, मोरू, मैना. सोयरीक जुळवणे, पाहुणे, प्रवास, घरखर्च : याहून मोठे काही घडत नाही. आणि वाचक हसून हसून बेजार होतो.

१५/
'मंजुघोषा' ते 'चऱ्हाट' : ६५ वर्षे. रिसबुडांना जे आयुष्य पुस्तकात घालण्याजोगे वाटले नव्हते, तेच आयुष्य आता, राजकन्या नाही, उपदेश नाही, केवळ हसण्यासाठी वाचले जाऊ लागले. १९४० मध्ये मास्टर विनायकांनी याच मंडळींवर 'लग्न पहावे करून' हा बोलपट काढला. पुढे दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी त्यांना घराघरांत नेले. हलके पुस्तक लिहायला सोपे असते असे मानणाऱ्यांनी ही ६५ वर्षे मोजावीत.

१६/
आता या पुस्तकांची नावे एका ओळीत ठेवा. 'सुदाम्याचे पोहे' : गरिबाची, लपवून आणलेली भेट. 'रिकामपणची कामगिरी'. चि. विं.चे 'एरंडाचे गुऱ्हाळ' : ज्यातून रस निघत नाही असे गुऱ्हाळ. 'चऱ्हाट' : न संपणारे कंटाळवाणे बोलणे. 'वायफळाचा मळा'. पु. ल. देशपांड्यांची 'खोगीरभरती' आणि 'नस्ती उठाठेव'. अर्धशतकभर मराठीतले सर्वांत लाडके लेखक आपल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच सांगत होते : हे निरुपयोगी आहे, माफ करा.

१७/
हा विनय होता की खोडी? मला वाटते दोन्ही. टीकाकार जे म्हणणार ते आधीच आपण म्हणून टाकायचे, म्हणजे त्याच्या हाती काही उरत नाही. पण त्याहून महत्त्वाचे असे, की 'वायफळ' हा 'फलश्रुती'चा नेमका उलट शब्द आहे. फळाची अपेक्षा धरूनच वाचणाऱ्या समाजाला हे लेखक हळूच सांगत होते, की थोडे बिनफळाचेही वाचून पाहा. आईचे ओशाळणे ही त्याच क्षमायाचनेची वाचकाकडची बाजू.

१८/
एक प्रश्न इथे येईल : यांत कादंबऱ्या किती? खरे तर थोड्याच. मराठी विनोद मासिके आणि दिवाळी अंक यांच्या अंगणात वाढला, म्हणून तो लेखाच्या नाहीतर प्रसंगाच्या मापाने लिहिला गेला असावा. पात्रे तीच, प्रसंग नवा. चिमणरावांची पुस्तके किंवा पु. लं.चे 'असा मी असामी' (१९६४), म्हणजे एका कारकुनाचे आत्मवृत्त, वाचताना कादंबरीचाच सहवास मिळतो. मात्र कुठूनही उघडावे, कुठेही मिटावे. थकलेल्या वाचकाला यासारखी सोय नाही.

१९/
पण इतिहासाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हे हसू बव्हंशी पुण्या-मुंबईतल्या पांढरपेशा, ब्राह्मणी घरांतले आहे. बायको, नोकर, गावंढळ बोली यांच्यावरचे काही विनोद आज घशाखाली उतरत नाहीत. म्हणून कपाट थोडे रुंद करावे. चिमणरावांच्याच दशकात लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' (१९३४–३६) आली : आत्मचरित्र, हालअपेष्टांनी भरलेले, आणि तरी पानोपानी मिस्कील. पुढे शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी गावाला गावाच्याच आवाजात हसते केले. मंगला गोडबोले यांनी घरातला विनोद बाईच्या बाजूने लिहिला.

२०/
तर सुट्टीसाठी किंवा विश्रांतीसाठी पुस्तक कसे निवडावे? या इतिहासातून मला तीन गोष्टी सुचतात. एक, नायक स्वतःला हसतो की दुबळ्याला, हे पहिल्या दहा पानांत पाहावे. दोन, प्रसंग सुटे असावेत. डोळा लागला तर पुस्तकाने रागावू नये. तीन, ज्याच्यासाठी निवडतो त्याच्या घरासारखे घर पुस्तकात असावे, कारण ओळखीतून येणारे हसू सर्वांत कमी श्रमाचे असते. 'यातून काय मिळेल?' हा चौथा प्रश्न मात्र विचारू नये.

२१/
शेवटी मी आईला 'चिमणरावांचे चऱ्हाट' आणून दिले. दुपारी आतून विचित्र आवाज आला म्हणून धावत गेले. आई एका हाताने पोट घट्ट दाबून, डोळ्यांत पाणी येईतो हसत होती. "काढून घे ते पुस्तक, टाके दुखतायत!" मी हात पुढे केला, तर तिने पुस्तक उशीखाली सारले. "थांब, एवढं प्रकरण संपू दे."

२२/
त्या दुपारची फलश्रुती काय, ते मी लिहीत नाही. तिने नंतर दुसरे पुस्तक मागितले तेव्हा 'टाइमपास' हा शब्द वापरला नाही, एवढे मात्र नोंदवून ठेवते.

तुमच्या घरात आजारपणात, प्रवासात किंवा मे महिन्याच्या दुपारी हातोहात फिरलेले हसवणारे पुस्तक कोणते? खाली जरूर सांगा. मात्र क्षमा न मागता.

(थ्रेड समाप्त)