स्वरांची वांटणी

तबल्याची चांट आणि डग्ग्याचा घुमारा एकाच पुडीवर निघत नाहींत. लाउडस्पीकरचेंहि तसेंच आहे. १९२५ सालीं अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनीं हलत्या वेटोळ्याच्या लाउडस्पीकरचें वर्णन प्रसिद्ध केलें; त्याचाच वंश आजहि चालू आहे. परंतु खर्जाला मोठा पडदा लागतो, आणि तो टिपेच्या वेगानें हलावयास जड पडतो. म्हणून लहान-मोठे निरनिराळे पडदे आले, व स्वरांची वांटणी कोठें करावी हा प्रश्नहि आला.

२७ एप्रिल १९३३ रोजीं बेल प्रयोगशाळेनें फिलाडेल्फियांतील वाद्यवृंद तारांवाटे वॉशिंग्टनच्या श्रोत्यांना ऐकविला. वृंदाचा नायक स्टोकोव्हस्की मात्र वॉशिंग्टनला, खुंट्या फिरवीत बसलेला! तेथें खर्जाचे व टिपेचे कर्णे वेगळे होते. पुढें बोलपटगृहांनीं हीच रीत उचलली.

तारेचें वेटोळें खर्जाला वाट देतें व टिपेला अडवितें. कंडेन्सर नेमकें उलट करतो. हीं दोन्ही अँप्लिफायर व लाउडस्पीकर यांच्यामध्यें बसविलीं कीं पॅसिव्ह क्रॉसओव्हर झाला. व्हॉल्व्हचा अँप्लिफायर महाग; तेव्हां एकावरच भागविणें गृहस्थाला भागच होतें. या काटकसरीला कमी लेखूं नये. पण खर्जाचा जोरदार प्रवाह वेटोळ्यांतून जातो, कांहीं शक्ति उष्णतेंत वायां जाते. शिवाय लाउडस्पीकरचा विरोध स्वरागणिक बदलतो, तापल्यावर आणखी बदलतो. मग कागदावरचें गणित चुकतें.

ॲक्टिव्ह पद्धतींत प्रवाह अगदीं क्षीण असतांनाच वांटणी होते, आणि नंतर प्रत्येक पडद्याला स्वतःचा अँप्लिफायर मिळतो. १९४७ सालीं बेल प्रयोगशाळेंत जन्मलेला ट्रान्झिस्टर पुढें स्वस्त झाला, तेव्हां ही चैन घरालाहि परवडूं लागली. १९७६ सालीं ह्यूलेट-पॅकार्डमधील झीगफ्रीड लिंक्विट्झ यांनीं या वांटणीवर निबंध लिहिला. सहकारी रसेल रायली यांचेंहि नांव त्या योजनेला जोडलेलें आहे. पूर्वींच्या कित्येक आराखड्यांत वांटणीच्या स्वरापाशीं दोन पडद्यांचीं आंदोलनें मागेंपुढें पडत, व आवाजाचा झोत वर किंवा खालीं कलत असे. या योजनेंत दोन्ही पडदे तेथें निम्मा निम्मा दाब, आणि तोहि एकाच वेळीं, देतात.

माझ्या मतें तत्त्वतः ॲक्टिव्ह पद्धतच सरस. तरी पॅसिव्ह पेटी कोणत्याहि जुळत्या अँप्लिफायरला दोन तारांनीं जोडतां येते. ॲक्टिव्ह पेटींतला अँप्लिफायर बिघडला, तर बहुधा सबंध पेटीच दुरुस्तीस न्यावी लागते.