न दिसणारे रक्त

सत्कार आटोपून परतताना वाळूजजवळ नगर रस्त्यावर मी फटफटीवरून पडलेला तरुण पाहिला. बाहेर रक्ताचा थेंब नाही. चेहरा मात्र पांढराफटक! आम्ही त्याला उठवून बसवले. तो घाटीत पोचलाच नाही.

पुढे कळले, कटीचे हाड मोडले की आतल्या शिरा फाटून कित्येक लिटर रक्त आतच साठते. १९०१ साली व्हिएन्नाच्या लँडस्टायनरने रक्तगट उलगडले, म्हणून परक्याचे रक्त निर्धोकपणे देता येऊ लागले. १९७२ मध्ये अशा रोग्यांची वाहती धमनी नळीवाटे आतून बुजवल्याचे वृत्त आले. तरी पहिला उपाय चादरीचाच: कमरेला नव्हे, मांड्यांच्या वरच्या बाहेरील उंचवट्यांवर आवळायची, रोग्याला हलवायचे नाही.

वाचकहो, त्या दिवशी माझ्या खांद्यावर सत्काराची शाल होती!