कपडे बदलण्याच्या खोलीतील छुपे कॅमेरे : तपासणी आणि कायदा

गोव्यात कांदोळी इथल्या एका कपड्यांच्या दुकानात, कपडे बदलण्याच्या खोलीच्या दिशेने बसवलेला कॅमेरा ३ एप्रिल २०१५ रोजी तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री स्मृती इराणी यांच्या निदर्शनास आला. या प्रकरणी पोलिसांनी गुन्हा नोंदवला.

त्यामुळे केवळ खोलीच नव्हे, तर बाहेरच्या कॅमेऱ्याचा रोखही पाहणे आवश्यक आहे. आत छत, झरोके, खुंट्या आणि विजेचे सॉकेट तपासावेत. अंधार करून विजेरीचा झोत फिरवल्यास कॅमेऱ्याचे भिंग चमकू शकते. आरशाला बोट लावण्याची चाचणी खात्रीची नाही. काचेला डोळे टेकवून, दोन्ही बाजूंचा प्रकाश हातांनी अडवून पलीकडे पाहावे.

कॅमेरा आढळल्यास त्याला हात न लावता छायाचित्र घ्यावे आणि ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावे. महिलेचे खासगी क्षण चोरून पाहणे किंवा टिपणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार गुन्हा आहे. त्यासाठी प्रथम १ ते ३ वर्षे, तर पुन्हा दोषी ठरल्यास ३ ते ७ वर्षे कारावास आणि दंडाची तरतूद आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ई पुरुषांनाही संरक्षण देते.