दिसलं, पण कळलं नाही : लसीकावाहिन्यांची गोष्ट

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "सर, रक्ताभिसरणाचा इतिहास सांगितलात, पण अंगाला सूज येते तिचं काय?" आजचा विषय त्या प्रश्नातून निघाला. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, डॉक्टर नव्हे. तरीही हा प्रश्न मला जवळचा आहे. का, ते शेवटी सांगतो.

आधी साधी गोष्ट. शेतात पाणी आणायला पाट लागतो, तसा साचलेलं पाणी काढायला चरही लागतो. शरीरात रक्तवाहिन्या हे पाट. त्यांच्यातून थोडा द्रव सतत आजूबाजूला झिरपतो. तो गोळा करून मानेच्या तळाशी असलेल्या मोठ्या शिरांमध्ये परत नेणारे चर म्हणजे लसीकावाहिन्या. लसीका हा शब्द चरकसंहितेतही आहे, पण तिथं तो या वाहिन्यांसाठी नाही.

हे चर पहिल्यांदा कुणाला दिसले? इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एरासिस्ट्राटसला नुकत्याच दूध प्यायलेल्या करडांच्या पोटात दुधानं भरलेल्या वाहिन्या दिसल्या होत्या. पुढं गेलनला ते पटलं नाही. गेलनचा शब्द म्हणजे वैद्यकातलं प्रमाण! विषय मिटला.

मग २३ जुलै १६२२. इटलीत गास्पारे असेली जिवंत कुत्र्याचं पोट उघडून मित्रांना दाखवत होता. आज ऐकूनही अंगावर काटा येतो, पण तेव्हाची रीत ती होती. आतड्याच्या पडद्यावर त्याला पांढरे धागे दिसले. आधी वाटलं, या नसा असतील. एक कापला, तर दुधासारखा द्रव बाहेर आला. पण कुत्रा मेला आणि धागे दिसेनासे झाले. दुसऱ्या कुत्र्यात तर काहीच दिसेना. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, पहिला कुत्रा पोटभर खाऊन आलेला होता, दुसरा उपाशी. खाऊ घातलेल्या कुत्र्यात धागे पुन्हा दिसले.

बघा, डोळे तेच होते. बदलली ती पाहण्याची वेळ. आणि तरीही असेली चुकलाच. या वाहिन्या यकृताकडं जातात असं त्यानं लिहिलं, कारण अन्नाचं रक्त यकृतात होतं, ही गेलनची शिकवण त्याच्या डोक्यात पक्की होती. त्याचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १६२७ साली आलं. १६५१ मध्ये फ्रान्सच्या झां पेके यानं दाखवलं, की हा द्रव यकृताला वळसा घालून छातीतल्या एका मोठ्या नलिकेनं थेट शिरेत जातो. पाठोपाठ स्वीडनचा रुडबेक आणि डेन्मार्कचा बार्थोलिन यांनी सर्व शरीरभर पसरलेल्या लसीकावाहिन्या दाखवल्या.

वाहिन्या आहेत हे ठरलं. पण त्या उगवतात कुठून? १९०२ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये फ्लॉरेन्स सेबिन यांनी डुकराच्या भ्रूणांत रंगद्रव्य टोचून पाहिलं. त्यांचा निष्कर्ष, शिरेच्या भिंतीला कोंब फुटतात आणि त्यांतून या वाहिन्या पसरतात. विरोधक म्हणाले, नाही; त्या आसपासच्या ऊतीत वेगळ्या तयार होतात आणि मागाहून शिरेला जोडल्या जातात. त्यांचा आक्षेप तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यानं लक्षात ठेवावा असा होता: टोचलेला रंग जिथं पोचतो तेवढंच तुम्हाला दिसतं. जे अजून जोडलंच गेलेलं नाही, ते रंग कसा दाखवणार?

वाद जवळजवळ शतकभर रेंगाळला. १९९९ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं, की 'प्रॉक्स-१' हे जनुक नसेल तर लसीकावाहिन्या तयारच होत नाहीत. ते जागं झालं, की शिरेच्या भिंतीतल्या पेशी आपलं घर सोडून बाहेर पडतात. सेबिनबाईंचं म्हणणं मुख्यतः खरं ठरलं. पण अलीकडं असंही दिसलं, की हृदयातल्या, त्वचेतल्या काही लसीकावाहिन्यांचा उगम शिरेतला नाही. म्हणजे विरोधकही अगदीच चुकलेले नव्हते.

आता आजाराकडं येऊ. वाढीचा संदेश देणारं एक प्रथिन आहे, व्हीईजीएफ-सी. जखम भरताना त्याच्या सांगण्यावरून नवे चर फुटतात. हा संदेश ऐकणाऱ्या ग्राहीत जन्मतः दोष असेल, तर बाळाच्या पायांना सूज येते. उलट, काही कर्करोगांच्या गाठी हेच प्रथिन सोडतात, भोवती नव्या वाहिन्या वाढतात आणि त्या वाटेनं कर्कपेशी लसीकाग्रंथींपर्यंत पोचतात. म्हणून 'वाढ चांगली की वाईट?' असा सरसकट प्रश्नच चुकीचा. कुठं, केव्हा, किती, हे विचारायला हवं.

आता ते शेवटचं. माझी मावशी भंडारा जिल्ह्यातली. तिला हत्तीरोग होता. पूर्व विदर्भात हा आजार जुना आहे. डासांमार्फत आलेले कृमी लसीकावाहिन्यांत राहतात, वाहिन्या फुगून सैल पडतात, आतल्या झडपा निकामी होतात आणि पाणी साचतं. लग्नकार्यात मावशी कोपऱ्यात, पाय लुगड्याखाली झाकून बसायची. कुणी म्हणे मागल्या जन्मीचं पाप, कुणी म्हणे आता यावर इलाज नाही. पाय सगळ्यांना दिसत होता. आतले तुंबलेले चर कुणालाच दिसत नव्हते.

रोज साबणानं पाय धुणं, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवणं, पाय उंचावर ठेवणं, थोडा व्यायाम, एवढ्यानंही ताप आणि लाली येण्याचे झटके पुष्कळ कमी होतात. मावशीला हे कुणी सांगितलं नाही. मीही नाही, मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तुमच्या ओळखीत कुणी असं पाय झाकून बसत असेल, तर एवढं जरूर सांगा, आणि डॉक्टरांकडं घेऊन जा.

थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.