भंडाऱ्याच्या मोजणीतील गावे, बोड्या आणि बांध्या

नागपूरचे भोसले राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला आणि त्यानंतर भंडारा जिल्ह्यात झालेल्या नियमित जमाबंदीचा अहवाल ए. जे. लॉरेन्स यांनी १८६७ मध्ये सादर केला. या जमाबंदीचा हेतू मालगुजाराकडून, म्हणजे सारा भरण्याची जबाबदारी असलेल्या आणि इंग्रजी अमलात गावाचा मालक ठरलेल्या इसमाकडून, किती वसूल घ्यावा हे ठरवण्याचा होता; परंतु वैनगंगेच्या खोऱ्यातील धानपट्टीत पाण्याची जागा नोंदवल्याशिवाय साऱ्याचा आकडा निघत नसल्यामुळे भूरूपांचे स्थानिक शब्द दप्तरात शिरले, ते कुतूहलापेक्षा गरजेपोटीच.

काळ्या जड जमिनीला कन्हार आणि मुरमाड, उंच जमिनीला बरडी म्हणणे हे कास्तकारांचे बोलणे होते. पुढे बॅम्फील्ड फुलर यांच्या पद्धतीनुसार प्रत्येक प्रतीच्या मातीला तुलनात्मक मूल्य देण्यात आले, तेव्हा हेच शब्द आकारणीचा पाया झाले. शेतांच्या नावांना मात्र असे भाग्य लाभले नाही. बांधी म्हणजे धुरे घालून पाणी अडवलेला धानाचा तुकडा. अशा तुकड्यांना मोहाची, आंब्याची, देवाची अशी ओळख गावात असली, तरी खसऱ्यात, म्हणजे शेतवार नोंदवहीत, त्यांना केवळ क्रमांक मिळाले.

तलावांचे तसे झाले नाही. गोंड राजवटीपासून कोहळी समाजाने बांधलेले तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तलाव, यांवर गावाचे धान अवलंबून होते, आणि पाणी, चराई, सरपण यांसंबंधीचे रिवाज वाजिब-उल-अर्ज या गावच्या हक्कपत्रकात लिहिले जात असल्यामुळे तलावाची नोंद केवळ नकाशापुरती राहिली नाही. मालगुजारी १९५१ मध्ये संपुष्टात आल्यानंतर हे तलाव सरकारकडे गेले आणि ‘माजी मालगुजारी’ या कागदी शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्यांना मामा तलाव हे घरगुती नाव पडले.

गावांच्या नावांत मोजणीचा हात अधिक स्पष्ट दिसतो. एकाच नावाची गावे वेगळी ठेवण्यासाठी खुर्द आणि बुजरूक हे भेद दप्तराला उपयोगी पडत. साकोलीजवळच्या शिवनीबांधची ओळख तेथील तलावाने वेगळी केली. वस्ती उठून गेलेले गाव, ज्याला विदर्भात रिठी म्हणतात, तेही महसुली मौजा म्हणून स्वतंत्र नावाने दप्तरात उभे राहिले; माणसे नसलेल्या गावाची इतकी काळजी महसूल खातेच घेऊ जाणे. गोंडी नावे मराठी कारकुनाच्या कानांतून आणि इंग्रज अधिकाऱ्याच्या लिपीतून जाताना कशी बदलली असतील, हा प्रश्न अशा नोंदी वाचताना सतत समोर ठेवावा लागतो. आर. व्ही. रसेल यांनी संपादित केलेल्या १९०८ च्या जिल्हा गॅझेटियरने स्थळवर्णने एकत्र आणली, तर प्रांतातील भौगोलिक नावांच्या अर्थांकडे रायबहादूर हिरालाल यांनी हिंदीत स्वतंत्र लक्ष दिले.

पवनी तालुक्यातील गोसे या गावाला लागलेले ‘खुर्द’ हे दप्तरी विशेषण १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या वैनगंगेवरील धरणालाही चिकटले. सरकारने प्रकल्पाला इंदिरा सागर हे नाव दिले असले, तरी बोलण्यात आणि वर्तमानपत्रांत तो गोसेखुर्दच राहिला.