बूट बसतो की चावतो?

जकार्ता येथील २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत हेप्टॅथलॉनचे सुवर्णपदक पटकावणाऱ्या स्वप्ना बर्मनच्या दोन्ही पावलांना सहा-सहा बोटे आहेत. बाजारात मिळणारा बूट लांबीला बरोबर असला, तरी चवड्याशी तिला आवळत असे. खास तिच्या पावलांसाठी घडविलेले बूट तिला मिळाले ते पदकानंतर. तिची अडचण विरळा खरी. पण लांबी पाहून घेतलेला बूट रुंदीला चावतो, हा अनुभव अनेक खेळाडूंचा आहे.

बुटावरील क्रमांक फारसा भरवशाचा नसतो. ब्रिटिश पद्धतीत एका क्रमांकाचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा भाग, सुमारे साडेआठ मिलिमीटर. शिवाय प्रत्येक कंपनीचा साचा निराळा, त्यामुळे एकीचा आठ नंबर सैल तर दुसरीचा घट्ट. म्हणूनच जाणकार धावपटू क्रमांकापेक्षा पावलावर विसंबतो. दिवसभराच्या वावराने आणि धावण्याने पाऊल सुजते, म्हणून तो खरेदीला सायंकाळी जातो आणि धावताना वापरायचे मोजे सोबत नेतो. बूट बसून नव्हे, उभे राहून पाहतो. कारण शरीराचा भार पडला की पाऊल लांबते व पसरते. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. हे बोट अंगठाच असेल असे नाही. अनेकांचे त्याशेजारचे बोट अधिक लांब असते. दोन्ही पावले क्वचितच सारखी असल्याने माप मोठ्या पावलाचे धरावे लागते. पुढे जागा कमी असेल, तर उतारावर बोटे बुटाच्या टोकावर आदळतात आणि नखाखाली रक्त साकळून नखे काळी पडतात. टाच मात्र घट्ट धरलेली हवी.

हा नियम सर्व खेळांना लागू नाही. काही सेकंदांच्या शर्यतीसाठी धावपटू खिळ्यांचे बूट कातडीसारखे घट्ट घालतात, तर प्रस्तरारोहक बोटे मुडपतील इतके आवळ. बॅडमिंटनमध्ये झटकन बाजूला वळताना पाऊल आत सरकून चालत नाही.

‘वापरून सैल होईल’ हे विक्रेत्याचे आश्वासन चामड्याच्या जमान्यातले. आजचे कृत्रिम धाग्यांचे बूट तितके ताणत नाहीत. ओल्या पावलाचा ठसा पाहून बूट ठरविण्याची पद्धतही बरीच रूढ होती. अमेरिकी सैन्यदलांतील नवभरतीच्या जवानांना तळव्याच्या कमानीनुसार बूट देऊन पाहिले, तेव्हा दुखापतींत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. बेनो निग या संशोधकाने सहकाऱ्यांसह २०१५ मध्ये मांडले, की निवडीचा आधार धावणाऱ्याला स्वतःला जाणवणारा आराम हा असावा. तो दुकानातील गालिच्यावर दोन पावले टाकून कळत नाही. थोडे धावूनच पाहावे लागते. वाढत्या वयात आणि गर्भारपणानंतर पाऊल पसरते, म्हणून पाच वर्षांपूर्वीचे माप सांगून बूट मागविण्याआधी पाऊल पुन्हा मोजलेले बरे.